इंटरवलची जागा

अमेरिकेत सिनेमाला इंटरवल नसतो हे मुलीने सांगितलं, तेव्हा मी तिच्यावरच चिडले. ती मुनिरक्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, विद्यापीठात शिकते, आणि रविवारी मयूर विहारला घरी आली की मला जगाबद्दल काहीतरी नवीन ऐकवते. तिकडचे लोक म्हणे अडीच-तीन तास सलग बसतात. मांडीवर पॉपकॉर्नची बादली, हातात कोल्ड्रिंकचा भला मोठा ग्लास, आणि शेवटची पाटी जाईपर्यंत कोणी उठत नाही. मी विचारलं, मग भूक लागली तर काय करतात? ती म्हणाली, "मम्मी, त्यांच्याकडे वडा नसतो ना."

ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही, कारण आदल्याच दिवशी थिएटरच्या मॅनेजरने मला एक कागद दाखवला होता. ज्या इंग्रजी सिनेमाची सगळी दिल्ली वाट पाहत होती, त्याचा पाचवा भाग पुढच्या शुक्रवारी लागणार होता. दोन तास पन्नास मिनिटं लांब. आणि कागदावर लिहिलं होतं की बनवणाऱ्यांची इच्छा आहे, सिनेमा मध्ये न थांबवता दाखवावा.

मॅनेजर खूश होता. इंटरवल गेला की प्रत्येक खेळामागे वेळ वाचतो, आणि दिवसात एक खेळ जास्त बसतो. त्याने मला तेही समजावून सांगितलं, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाला की इंटरवलच नसेल तर वड्याच्या काउंटरचं तरी काय काम. माझा करार महिनाअखेरीस संपत होता. त्या जागी पॉपकॉर्नचं दुसरं मशीन येईल, असं त्याने सुचवलं. तो मला एरवी 'भाभीजी' म्हणतो. त्या दिवशी 'मैडम जी' म्हणाला. तेवढ्यावरून मी ओळखलं की त्याचं ठरलेलं आहे.

तो काउंटर मला कोणी आंदण दिलेला नव्हता. साताऱ्याकडच्या गावातून मी जवानाची बायको म्हणून दिल्लीच्या छावणीत आले, तेव्हा मला हिंदीत भाजी घेता येत नव्हती. महिन्याभरात मी भाजीवाल्याला रडवायला लागले. पहिला वडा मी युनिटच्या गणपतीत तळला. मग लक्ष्मीबाई नगरातल्या मराठी साहेबलोकांच्या घरून सणासुदीला बोलावणी यायला लागली. नवरा हवालदार म्हणून निवृत्त झाला, तो गावी परतू म्हणत होता, मी म्हणाले, इथे माझं गिऱ्हाईक आहे. थिएटरबाहेर वड्याची हातगाडी लावली. पोलिसाशी भांडले, पालिकेच्या माणसाशी भांडले, पाववाल्या बेकरीशी तर अजून भांडते. नऊ वर्षांपूर्वी भांडूनच आत शिरले. दिल्लीतले लोक माझ्या वड्याला अजूनही 'बोंडा' म्हणतात, ते मी चालवून घेते. पण जागा सोडायला सांगितलेलं मी चालवून घेत नाही.

आता वड्याची अडचण सांगते, म्हणजे माझं भांडण कशासाठी होतं ते कळेल. पॉपकॉर्न अंधारात खाता येतो. डोळे पडद्यावर ठेवून हात बादलीत घातला की झालं. वड्याला उजेड लागतो. चटणी ओघळते, मिरची कुठे आहे ते बघावं लागतं, पाव दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि तो गरम असतानाच खावा लागतो. वडा म्हणजे इंटरवलचं खाणं. इंटरवल काढला तर मला काढलं.

आणि हा इंटरवल कुठून येतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. हिंदी सिनेमा बनवतानाच त्यात मध्ये थांबायची जागा ठेवलेली असते. इंग्रजी सिनेमा तिकडून अखंड येतो. तो कुठे तोडायचा हे इथे ठरतं. तिकडे हजारो माणसं वर्षानुवर्षं खपून सिनेमा बनवतात, आणि पूर्व दिल्लीतला एक मॅनेजर डबा खाता खाता ठरवतो की अमेरिकेने कुठे दम खायचा. आमचा मॅनेजर एकूण लांबीला दोनने भागायचा आणि येईल ती वेळ ऑपरेटरला सांगायचा. ऑपरेटर चाचा ती वेळ कॉम्प्युटरमध्ये टाकायचे. तिथे आला की सिनेमा थांबायचा आणि दिवे लागायचे.

आदल्या वर्षी हिंदीत डब केलेल्या एका इंग्रजी सिनेमात म्हातारा मरता मरता हिरोला सांगत होता, "तुम्हारे पिता को मारने वाला कोई और नहीं, बल्कि," आणि दिवे लागले. आख्खं थिएटर हसत बाहेर आलं. वडे खपले, नाही असं नाही. पण माझ्या काउंटरसमोर उभं राहून लोक त्या मरणाऱ्या म्हाताऱ्याची नक्कल करत होते, आणि मला त्याचं वाईट वाटलं. मी मॅनेजरला म्हणाले, जागा जरा बघून निवडत जा. तेव्हा त्याने तिकीट खिडकीवरची मुलगी आणि माझ्याकडे काम करणाऱ्या दोघी बायका, सगळ्यांच्या देखत मला ऐकवलं, "भाभीजी, अंग्रेज़ी पिक्चर आपके बस की नहीं. आप अपनी कढ़ाई देखो."

ते वाक्य मी विसरलेले नाही. विसरायचा विचारही नाही. नऊ वर्षं मी भिंतीपलीकडून इंग्रजी सिनेमे ऐकले होते. कुठलं संगीत वाजलं की तेल तापत ठेवायचं, कुठला धडाका झाला की पहिला घाणा सोडायचा, हे मला पाठ होतं. पूर्ण सिनेमा मी एकही पाहिला नव्हता, हे खरं. पण कान होते ना.

म्हणून गुरुवारी मी सौदा करायला गेले. सौद्यात आधी समोरच्याला जे हवं ते देऊन टाकायचं, म्हणजे तो सैल होतो. मी म्हणाले, साहेब, कागदाचा मान ठेवा. शुक्रवारचा सकाळचा पहिला खेळ बिनइंटरवल चालवा. लोक शांत बसले तर मी माझ्या हाताने कढई उचलते, महिनाअखेरही नको. पण थिएटरने स्वतःहून इंटरवल मागितला, तर इंटरवल लागेल, आणि त्याची जागा मी सांगेन. पहिल्या अटीवर तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्या अटीवर हसला. मी त्याला हसू दिलं.

शुक्रवारी साडेनऊच्या खेळाला मोठा पडदा खच्चून भरला. आमच्याकडे मोठ्या पडद्यावर हिंदीत डब केलेला खेळ असतो आणि लहान पडद्यावर इंग्रजी. लहान पडद्याकडे जाणारे गुपचूप जातात. मोठ्या पडद्याचं तसं नसतं. कॉलेजची टोळकी, गाझियाबादहून स्कूटरवर तिघं-तिघं बसून आलेली, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, कडेवर बाळ घेतलेल्या आया. आजोबांना आधीचे चार भाग रांगेत उभ्या उभ्या सांगितले जात होते. एका नातवाने चौथा भाग इतक्या घाईत सांगितला की आजोबा म्हणाले, "मतलब सब मर गए? तो आज क्या देखने आए हैं?"

मी काउंटर सोडून दाराशी उभी राहिले. तास-सव्वा तास ठीक गेला. मग दार उघडायला लागलं. आधी मुलं, मग मुलांच्या आया, मग गुडघे धरलेले आजोबा. आत जाणारा प्रत्येक जण फोनचा उजेड पाडत जायचा आणि तो उजेड बाकीच्यांच्या डोळ्यांवर पडायचा. कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी पायावर पडला आणि त्या दोघांचं भांडण पडद्यावरच्या लढाईपेक्षा जास्त ऐकू यायला लागलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "इंटरवल." मग पाच जण ओरडले. मग ते टाळ्यांच्या तालावर सुरू झालं. एक सरदारजी बाहेर आले आणि मला विचारलं की इंटरवल कधी आहे. मी म्हणाले, नाहीच आहे. ते मॅनेजरच्या खोलीकडे बघत म्हणाले, "टिकट पूरी ली है, पिक्चर आधी दिखा रहे हो?" म्हणजे त्यांच्या हिशोबात इंटरवल हा सिनेमाचाच भाग होता, आणि तो कोणीतरी कापून घेतला होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

सगळ्यांत बहार आणली ती सात जणांच्या एका कुटुंबाने. शेवटची लढाई ऐन रंगात आली असताना ते सगळे मिळून बाहेर गेले आणि मिळून परत आले. मग त्यांनी रांगेला विचारलं, काय झालं? आणि रांगेने सांगितलं. मोठ्याने, दोन बाजूंनी, एकमेकांच्या चुका दुरुस्त करत. पडद्यावर कोण काय बोललं ते त्या दिवशी कोणालाच ऐकू आलं नाही.

मॅनेजर घामाघूम होऊन आला. ठीक आहे, म्हणाला, दुपारपासून इंटरवल लावू. मध्यावर. मी म्हणाले, सौदा मध्याचा नव्हता. जागा मी सांगणार. त्याने हात झटकले. मग मात्र माझा तोल सुटला. जे मी वर्षभर पोटात ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. मराठीतलं त्याला कळलं नसावं, पण सूर कळला असेल. तिकीट खिडकीवरच्या मुलीने खिडकी लावून घेतली. शेवटी मीच माझी शेवटची गोष्ट पुढे ठेवली. उद्या, शनिवारच्या पहिल्या खेळापासून, माझी जागा. ती चुकली, लोक नाराज होऊन बाहेर आले किंवा आलेच नाहीत, तर सोमवारी काउंटर रिकामा. कागद नको, वाद नको.

त्याने मनात हिशोब केला. मी हरले तर त्याला जागा मिळत होती, मी जिंकले तर त्याचं थिएटर शांत राहत होतं. दोन्हीकडून त्याचाच फायदा आहे हे त्याला दिसावं म्हणूनच मी तसं मांडलं होतं. "चलो," तो म्हणाला. "देख लेते हैं आपकी अंग्रेज़ी."

त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण इंग्रजी सिनेमा पाहिला. मागच्या भिंतीला टेकून, एका हातात वेळ मोजायला फोन आणि दुसऱ्या हातात तेलाचं फडकं. त्याची गोष्ट अशी होती की अंतराळाच्या टोकाला एक दीपगृह आहे आणि पांढऱ्या वेणीची एक उंच बाई त्याची राखण करते. तो दिवा विझला तर सगळी जहाजं वाट चुकून काळोखात जातात. तिचा धाकटा भाऊ चौथ्या भागात मेलेला आहे. एक मोडका यंत्रमानव तिच्या सोबतीला आहे, आणि डबिंगवाल्यांनी त्याला चक्क हरियाणवी बोलायला लावलं होतं. बाई त्याला दार सांभाळायला सांगते, तेव्हा तो म्हणतो, "ठीक सै. मन्नै तो कोई पूछता ए ना." म्हणजे, मला तर कोणी विचारतच नाही. त्यावर थिएटर असं हसलं की पुढची तीन वाक्यं बुडाली. नंतर मुलीने सांगितलं की मूळ इंग्रजीत तो तिथे फक्त 'ओके' म्हणतो. मी म्हणाले, मग आपला बरा आहे.

मी लोकांना नुसतं ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. ती बाई जुनी निळी शाल अंगावर घेते, एवढंच, आणि तीनशे माणसं टाळ्या वाजवतात, कारण ती शाल दुसऱ्या भागातल्या तिच्या आईची आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारचे सांगत होते. एक बाप आपल्या मुलाला प्रत्येक जहाजाचं नाव सांगत होता आणि मुलगा ते दुरुस्त करत होता. माझ्यापुढच्या रांगेतल्या दोन बायका त्या राखणदारणीबद्दल असं बोलत होत्या जसं शेजारच्या सोसायटीतल्या कोणाबद्दल बोलावं. एकटी सगळं सांभाळते बिचारी, कुणाचा आधार नाही. मला वाटलं, ही अमेरिका आमच्या थिएटरात आली की आमचीच होते. मी विसरूनच गेले की मी काम करायला आलेय.

मग ती जागा आली. दीपगृहाचं दार कोणीतरी बाहेरून वाजवतं. तीन ठोके. तिचा भाऊ लहानपणी असे तीन ठोके द्यायचा. बाई दाराकडे जाते. यंत्रमानवसुद्धा गप्प. दार उघडतं आणि मेलेला भाऊ समोर उभा, शत्रूच्या काळ्या वर्दीत. तो म्हणतो, "दीदी, बत्ती बुझा दो." त्यानंतर एक क्षण पडद्यावर काहीच नाही, फक्त तिचा चेहरा. आणि आख्ख्या थिएटराने एकदम श्वास घेतला. मी तो ऐकला.

आमच्या गावच्या जत्रेत नाटक व्हायचं तेव्हा पडद्याची दोरी माझे वडील ओढायचे. अंक संपतो कुठे, हे पुस्तकात लिहिलेलं असायचं, पण दोरी कधी सोडायची हे ते लोकांकडे बघून ठरवायचे. मला जवळ बसवून सांगायचे, बोलणं संपल्यावर लोक श्वास घेतील, तो घेऊ द्यायचा, सोडायच्या आत पडदा खाली आला पाहिजे. फोनवर बघितलं, मॅनेजरचा मध्यावरचा इंटरवल वजा करून एक तास एकतीस मिनिटं आणि बेचाळीस सेकंद. खेळ संपल्यावर मी वर प्रोजेक्टरच्या खोलीत गेले आणि चाचांना आकडा सांगितला. त्यांनी तो भाग पुन्हा लावून पाहिला. "सेकंड भी बता रही हो," ते म्हणाले. "साहब तो मिनट भी गोल कर देते हैं." मी म्हणाले, एक सेकंद इकडे नको की तिकडे नको. त्यांनी तो बेचाळीस तसाच टाकला.

मुलीला मी संध्याकाळी फोनवर सांगितलं की मी मध्यंतर निवडलं. ती म्हणाली, मध्यंतर म्हणजे काय, मधलं अंतर? मी म्हणाले, हो, तसंच काहीतरी, उद्या बघायला ये.

शनिवारी ती आली आणि पहिल्या खेळाला आत जाऊन बसली. मी भरपूर सारण केलं होतं, पाव जास्तीचे मागवले होते, कामाच्या दोघी बायकांना पावणेअकराला सांगितलं की तेल चढवा. पहिला घाणा उतरला, दुसरा उतरला. परातीत सोनेरी वडे रचले, वर तळलेल्या मिरच्या. मॅनेजर काउंटरसमोर येऊन उभा राहिला, हात मागे बांधून. भिंतीपलीकडे तीन ठोके ऐकू आले. मग, "दीदी, बत्ती बुझा दो." मग शांतता. मग दरवाज्याच्या फटीतून उजेड दिसला.

आतून असा आवाज आला, जसा मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता. तीनशे माणसं एकदम बोलायला लागली होती. मी पाव फाडून तयार ठेवले. दार उघडेना.

एक मिनिट गेलं. दोन गेली. एक लहान मुलगी आपल्या आजीला घेऊन संडासाकडे पळाली आणि पळतच परत गेली. बाकी कोणी नाही. परातीतून वाफ निघत होती आणि ती कमी होत होती, हे मला दिसत होतं. मॅनेजरने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. लोक आलेच नाहीत तर काय, हे माझ्याच तोंडून ठरलेलं होतं.

माझी मुलगी धावत बाहेर आली. "मम्मी, कोणी उठतच नाहीये. सगळे भांडतायत."

"कशावरून?"

"भाऊ खरंच फुटलाय की नाटक करतोय."

तेव्हा मला माझी चूक कळली. मी जत्रेतल्या नाटकाचा अंक पाडला होता. वडेवालीने इंटरवल निवडायचा तो जरा ढिला निवडायचा, लोकांच्या पोटाला स्वतःची आठवण येईल असा. मी तर त्यांचं पोटच बंद करून टाकलं होतं. राग आला, स्वतःचाच, आणि त्या रागात कुठेतरी मला भलताच आनंदही होत होता. वडिलांनीसुद्धा असा पडदा कधी पाडला नसेल.

मी परात उचलली. भरलेली परात जड होती, पण मी छावणीत याहून जड उचललेल्या आहेत. मुलीच्या हातात चटणीचं भांडं आणि पावांची टोपली दिली. मॅनेजर म्हणाला, आत खायचं विकायला मनाई आहे. मी म्हणाले, कागद दाखवा. कागद दाखवायला तो खोलीकडे वळला आणि मी खांद्याने दार ढकललं.

आत सगळे दिवे लागलेले होते आणि सगळ्या रांगा मागे वळून बसल्या होत्या. पुढचे मागच्यांशी बोलत होते, मधले दोन्हीकडे. एक आजोबा काठी आपटून सांगत होते की सख्खा भाऊ असं करूच शकत नाही. कॉलेजची मुलं त्यांना तिसऱ्या भागातला पुरावा देत होती. एक तरुण नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे थांबले होते, इतकं त्यांचं भांडण झालं होतं. मी मधल्या वाटेने चालायला लागले आणि ओरडले, "गरम वडा."

कोणी लक्ष दिलं नाही. मग चौथ्या रांगेतल्या एका मुलाने मला ओळखलं. काल दुपारचा खेळ सुटला तेव्हा तो तिकिटाच्या रांगेत होता आणि मला आतून बाहेर येताना त्याने पाहिलं होतं. तो शेजाऱ्याला म्हणाला, या आंटीने काल पूर्ण पिक्चर बघितलीय. हे तीन रांगांनी ऐकलं. त्यांच्याकडून दहा रांगांनी. मग ती बातमी काठीवाल्या आजोबांपर्यंत गेली.

"आंटी, आपने पूरी देखी है?" त्या मुलाने विचारलं.

"देखी है."

"तो बताओ, भाई गद्दार है कि नहीं?"

आयुष्यभर मी सौदे केले, पण असा माल माझ्या हातात कधी आला नव्हता. तीनशे माणसं गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी परात खांद्यावरून खाली घेतली आणि खुर्चीच्या हातावर टेकवली.

"पहले वडा लो," मी म्हणाले. "खाते-खाते सोचूँगी."

पहिला हात आजोबांचा आला. मग सगळीकडून आले. मुलगी मागून पाव देत होती आणि चटणी सांडत होती. लोक खात होते आणि मला विचारत होते. कोणी म्हणे, फक्त हो किंवा नाही सांगा. कोणी म्हणे, डोळ्यांनी इशारा करा. त्या नवरा-बायकोपैकी बायकोने मला जवळ बोलावून कानात सांगायला सांगितलं, नवऱ्याला कळू न देता. मी प्रत्येकाला वडा दिला आणि कोणालाही काही सांगितलं नाही. कामाच्या बायकांनी दुसरी परात आत आणली. तीही गेली. कोणीतरी मागून ओरडलं, "आंटी, रोबोट ने चुप रहने को बोला है क्या?" आणि दुसऱ्या कोपऱ्यातून हरियाणवीत उत्तर आलं, मन्नै तो कोई पूछता ए ना. सगळं थिएटर हसलं, तोंडात वडा असताना.

मॅनेजर कागद घेऊन दारात उभा होता. कागद त्याच्या हातात तसाच राहिला. त्याच्या थिएटरात इंटरवलमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत विक्री झाली होती. पॉपकॉर्नच्या मशीनला हे जमलं असतं का, याचा तो विचार करत असावा. मी त्याच्याकडे बघितलं नाही. ज्याने मला कढईकडे बघायला सांगितलं होतं, त्याच्याकडे मी आधी कशाला बघू.

मी रिकामी परात घेऊन बाहेर आले तेव्हा तो बाजूला झाला. जागा हीच राहू दे, म्हणाला. करार एक वर्षाचा करू. 'भाभीजी' म्हणाला. माफीचा एक शब्द नाही.

एरवी मी तिथेच दोन वर्षं म्हटलं असतं, मग तो सव्वा म्हणाला असता, मग मी चहा मागवला असता आणि त्याला दीडवर आणला असता. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण आतले दिवे मावळायला लागले होते. पुढे भाऊ दाराच्या आत पाऊल टाकतो, आणि पुढच्याच मिनिटाला ते काळ्या वर्दीचं रहस्य उलगडतं. तेव्हा त्या आजोबांचं तोंड कसं होतं आणि कोण बरोबर निघालं ते कळल्यावर ती बायको नवऱ्याला कसा चिमटा काढते, ते मला बघायचं होतं.

"एक वर्ष चालेल," मी म्हणाले, परात त्याच्या हातात दिली आणि अंधारात शिरले.